बाबा, मी बर्लिनला जाऊ?
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्यांच्या लेकीचं यंदा आबिटूर झालंय, त्या बाबालोकांनी हात वर करायची गरज नाही. चेहऱ्यावरून कळतंच आहे!

या बाबाची लक्षणं आता आपल्याला पाठ झाली आहेत. मुलगी म्हणते, "मला बर्लिनला शिकायचंय," की लगेच याला गार्शिंगचं टीयू जगात सर्वश्रेष्ठ वाटायला लागतं. कारण? ते यू-सिक्सच्या शेवटच्या स्टेशनावर आहे आणि संध्याकाळी लेक वरणभाताला घरी येईल. तिच्या फोनचं लोकेशन चालू हवं. बॅटरी संपून तो निळा ठिपका थांबला, की इकडे बाबाचं काळीज थांबतं. आई मात्र शांतपणे मेतकुटाची पुडी बांधत असते.

पश्चिम जर्मनीत १९७५ साली सज्ञान होण्याचं वय २१ वरून १८ वर आलं. त्यामुळे लेकीचे मार्क आता बाबाला परस्पर कळणार नाहीत. डाटनशुत्स! सॉफ्टवेअरवाला बाबा दिवसभर क्लायंटला हेच समजावतो आणि घरी येऊन मुलीचा पासवर्ड मागतो.

पण मंडळी, बाबांना फार हसू नका. ही काळजी भल्याभल्यांना सुटलेली नाही. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला शिकायला निघाल्या, तेव्हा घरात विरोध कोणाचा होता? त्यांच्या सासऱ्यांचा, म्हणजे साक्षात महर्षी कर्व्यांचा! ज्यांनी १९१६ मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं, त्यांचा! उलट इरावतीबाईंच्या वडिलांनी त्यांना सातव्या वर्षीच ब्रह्मदेशातून पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात ठेवलं होतं. पती दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकून आलेले, ते ठाम राहिले. जीवराज मेहतांनी कर्ज दिलं आणि बाई गेल्या.

तेव्हा ना व्हॉट्सअ‍ॅप, ना लोकेशन. खुशालीचं पत्र बोटीनं यायचं. आणि संशोधन करायचं ते वंशश्रेष्ठत्वावर विश्वास असलेल्या प्राध्यापकाच्या हाताखाली. या एकट्या मुलीनं कवट्या मोजल्या आणि त्याच्या कल्पनेला आपल्या मोजमापात आधार मिळत नाही, असा निष्कर्ष काढला. १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या. पुढे 'युगान्त' लिहिणाऱ्या बाई त्या याच.

म्हणजे काळजी खोटी नव्हती. परका देश, एकटी मुलगी, काहीही होऊ शकलं असतं. पण ती थांबली असती, तर काय झालं नसतं, तेही मोजायला हवं ना?

तेव्हा बाबालोकहो, म्युनिक-बर्लिन आयसीई आता चार-साडेचार तासांत पोचते. लेकीला कुकर लावायला शिकवा, आनमेल्डुंग आणि आरोग्यविम्याचे कागद तिचे तिला भरू द्या. फोन आठवड्यातून दोनदा. आणि तो निळा ठिपका बंद करायचा की नाही, ते तिलाच ठरवू दे. ती अठराची आहे.

दिवाळीला ती येईलच. फराळ कुठे मिळतो, हे तिला पक्कं ठाऊक आहे!