लेथवरचा काटकोन त्रिकोण



आपल्यापैकी कोणी डॉक्टर झाले, कोणी बँकेत साहेब झाले, कोणी घरची शेती सांभाळली. मी आयटीआय करून टर्नर झालो. आज कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझे तीन लेथचे छोटे वर्कशॉप आहे. ‘साइन, कॉस, टॅनचा पुढे उपयोग काय?’ असे आपण वर्गात कुजबुजायचो. मला त्याचे उत्तर रोज मशीनवर द्यावे लागते, म्हणून आज तेवढ्यावरच बोलतो.

टेपर म्हणजे एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाकडे निमुळता होत गेलेला गोल जॉब. समजा, ड्रॉइंगवर मोठा व्यास 40 मिमी, लहान व्यास 30 मिमी आणि लांबी 100 मिमी दिली आहे. कोन दिलेलाच नाही. मग लेथची वरची स्लाइड किती अंशांत फिरवायची?

जॉबच्या मधोमध आस काढा. लहान टोकाच्या कडेपासून आसाला समांतर रेघ मोठ्या टोकापर्यंत न्या. झाला काटकोन त्रिकोण. एक बाजू 100. दुसरी? 40 वजा 30, म्हणजे 10, असे पटकन तोंडात येते. पण ते 10 आसाच्या दोन्ही अंगांना वाटले गेले आहेत. एका अंगाला 5 च येतात. म्हणून टॅन झाला 5 भागिले 100, म्हणजे 0.05, आणि कोन सुमारे 2 अंश 52 मिनिटे. स्लाइड एवढीच फिरवायची. दोन्ही अंगांचा मिळून कोन 5 अंश 43 मिनिटे होतो. नवी मुले नेमका तोच लावतात आणि चांगला जॉब भंगारात जातो.

स्लाइडवर खुणा अंशांच्या असतात. 52 मिनिटे डोळ्यांनी कशी लावणार? तिथे साइन कामाला येतो. चकमध्ये एकसारख्या व्यासाचा सरळ दांडा पकडायचा, स्लाइडवर डायल बसवून तिचे टोक दांड्याला टेकवायचे आणि स्लाइड 50 मिमी सरकवायची. स्लाइड आसावरून नाही, कर्णावरून चालते. म्हणून 50 गुणिले साइन, म्हणजे डायलवर जवळजवळ 2.50 मिमी फरक दिसला पाहिजे. नाही दिसला, तर स्लाइडला हलकी टिचकी.

इथे टॅन धरला तरी चालून जाते, कारण कोन लहान आहे. पण मिलिंग मशीनच्या स्पिंडलचा 7:24 टेपर घ्या. अर्धा कोन सुमारे 8 अंश 18 मिनिटे. 50 मिमीला साइनने 7.215 येतात, टॅनने 7.292. फरक केसाच्या जाडीएवढा. पण निळा रंग लावून जोडणी तपासली, की रंग एकाच टोकाला उमटतो आणि जॉब परत येतो.

माझ्याकडे एक मुलगा कामाला आहे. दहावीला गणितात नापास. भिंतीवरचा टेपरचा तक्ता त्याला तोंडपाठ होता. तक्त्यात नसलेले माप आले, की हात थांबायचा. त्याला मी फरशीवर खडूने हा त्रिकोण काढून दाखवला. पुढे एका गिऱ्हाइकाचे वीस जॉब आले. ड्रॉइंगवर स्लाइडचा कोनही लिहिला होता. हा पोरगा मशीन सुरू न करता माझ्याकडे आला आणि म्हणाला, “मालक, त्रिकोण काढला तर ह्याच्या निम्माच येतोय की!” त्याचे बरोबर होते. शिकलेल्या माणसाच्या ड्रॉइंगमधली चूक आमच्या नापास पोराने पकडली आणि वीस जॉब वाचले.

तो गणितात कच्चा होता, असे मला आता वाटत नाही. त्याला त्रिकोण फक्त फळ्यावर भेटला होता. हातात कधी आला नव्हता. आपल्या शाळेत आजही असे पुष्कळ असतील, मागच्या बाकांवर.

म्हणून सरांना आणि बाईंना एक विनंती. शाळेसाठी मी दहा टेपर जॉब करून आणले आहेत. त्यांवर मापे मुद्दाम घातलेली नाहीत. मुलांच्या हातात व्हर्नियर द्या, व्यास आणि लांबी त्यांनाच मोजू द्या, कोन त्यांनाच काढू द्या. उत्तर पडताळायचे असेल, तर त्यांना घेऊन वर्कशॉपवर या. चहा माझ्याकडे, आणि समजवायला आमचा पोरगा आहे.