मध्येच बंद पडणारी गाडी



गाडी चालता चालता बंद पडते, दहा-पंधरा मिनिटं थांबलं की आपोआप चालू होते, आणि गॅरेजला नेली की शहाण्या बाळासारखी चालते. ही तक्रार तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या ओळखीची असेल. राजूरला चतुर्थीला जायचं, भोकरदनला बँकेचं काम, जालन्याला दवाखाना, म्हणून आपण गावातलीच एखादी गाडी ठरवतो. काही गटांनी माल न्यायला स्वतःची गाडी घेतली आहे. चालवणारा बहुतेक पुरुष, दुरुस्तीचंही तोच बघतो. आपण मागच्या सीटवर. पण बंद पडली की लेकराला घेऊन उन्हात उभं राहायचं आपणच, आणि गाडी गटाची असेल तर बिलही आपल्याच बचतीतून.

हा बिघाड गॅरेजात सापडत नाही, कारण गाडी तिथे पोहोचते तेव्हा तो हजरच नसतो. हिवतापाचं असंच असतं ना? दवाखान्यात जाईपर्यंत ताप उतरलेला. म्हणून डॉक्टर विचारतात, ताप कधी येतो, थंडी वाजते का, एक दिवसाआड येतो का? मेकॅनिकला ही हकीकत कोणी सांगत नाही. "मध्येच बंद पडते" एवढंच सांगतात. मग तो अंदाजाने एक पार्ट बदलतो, आठ दिवसांनी दुसरा. तिसऱ्या पार्टनंतरही गाडी तिथेच. मेकॅनिक लबाडच असतो असं नाही, त्याच्या हातात धरायला काही नसतं.

ते त्याच्या हातात आपण देऊ शकतो. गटाच्या वहीसारखी एक छोटी वही गाडीत ठेवा. बंद पडली की तारीख आणि वेळ लिहा. किती किलोमीटर चालल्यावर पडली, इंजिन तापलेलं होतं की सकाळची पहिलीच फेरी, टाकीत तेल किती होतं, गाडी वेगात होती की गतिरोधकावर हळू झालेली. झटका न देता एकदम गेली, की आचके देत? काट्यांशेजारी इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला का? पुन्हा किती वेळाने चालू झाली? चार-पाच वेळची अशी नोंद झाली की बिघाड बोलायला लागतो.

आता तो काय बोलतो ते पाहू. पेट्रोल गाडी मे महिन्यात तासभर चालल्यावर एकदम बंद होते आणि गार झाली की चालू होते, असं असेल तर पहिला संशय क्रँक सेन्सरवर घ्यायचा. इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा हा छोटा भाग. तापला की त्याचा आतला जोड तुटतो, गार झाला की जुळतो. एक खूण म्हणजे गाडी अजून पुढे घरंगळत असतानाच इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा एकदम शून्यावर पडतो.

आचके देत, दम लागल्यासारखी बंद पडत असेल तर पेट्रोल पुरेसं पोहोचत नाही. पेट्रोलचा पंप बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली, टाकीत असतो. म्हणजे तपासणी आपल्याच जागेवरून होते! ड्रायव्हरला फक्त चावी फिरवायला सांगा, सेल्फ मारू नका म्हणा. मागे कान लावला की दोन सेकंद बारीक घुंई ऐकू येते. बंद पडल्यावर ती येतच नसेल तर पंप किंवा त्याचा रिले बघायचा. नेहमी शंभर-दोनशेचं पेट्रोल टाकून गाडी फिरवली की पंप लवकर जातो, कारण टाकीतलं पेट्रोलच त्याला गार ठेवत असतं. आणि टाकीचं झाकण उघडल्यावर सूं करून हवा आत ओढली जात असेल, मग गाडी चालू होत असेल, तर टाकीत हवा जायची वाट तुंबली आहे. ते काम स्वस्तातलं.

सिग्नलला, चढावर, गाडी हळू झाली की बंद? मग थ्रॉटल बॉडीत काजळी बसली आहे का ते साफ करून बघतात. दिवे, काटे, सगळंच एकदम विझत असेल तर इंजिन सोडून बॅटरीची टोकं आणि वायर बघा. आपल्याकडे गाडी कडब्याच्या गंजीशेजारी लावतात, उंदीर आत शिरून वायर कुरतडतात. खड्ड्यात आदळली की तुटकी वायर सुटते, पुन्हा चिकटते. डिझेल जीपचं दुखणं वेगळं, तिला स्पार्क प्लग नसतो. ट्रॅक्टर हवा धरतो तशी तीही धरते, किंवा फिल्टरमध्ये पाणी साचतं.

चावीचंही सांगते. देवीचा लॉकेट, घराच्या, कपाटाच्या, शेतातल्या मोटारीच्या पेटीच्या चाव्या, सगळा जुडगा गाडीच्या चावीला लटकतो. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कोबाल्टसारख्या छोट्या गाड्या चालता चालता बंद पडत. चावीचा स्विच सैल होता. जड जुडग्याने किंवा खड्ड्याच्या दणक्याने चावी मागे फिरे, इंजिन बंद होई आणि एअरबॅगही. लोक तक्रार करत राहिले. कंपनीने ती ग्राहकाची गैरसोय समजली, धोका समजला नाही. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि कंपनीच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. म्हणून "बाई, थोडा त्रास देते, चालायचंच" असं कोणी म्हटलं तर ते ऐकून घेऊ नका.

धोका कसा, तेही ऐका. इंजिन गेलं की ब्रेक एक-दोनदाच हलका लागतो, नंतर पायाला दगडासारखा घट्ट. स्टेअरिंग जड होतं, पण फिरतं. चावी मात्र ओढून काढायची नाही, स्टेअरिंग लॉक होतं. ब्रेक पुन्हा पुन्हा सोडू नये, एकदा दाबला की दाबूनच धरावा. चारी इंडिकेटर लावून डाव्या कडेला घ्यावं. समृद्धी महामार्ग आपल्या जालना-बदनापूर भागातून जातो, तिथे गाड्या १२० च्या वेगाने येतात. तिथे गाडी थांबली तर आत बसून राहू नका. डाव्या दाराने उतरून कठड्याच्या पलीकडे उभं राहा आणि ११२ ला फोन करा. अशी संशयाची गाडी बाळंतिणीसाठी तर ठरवूच नका, आधी १०८ किंवा १०२ लावा.

गॅरेजमध्ये वही दाखवा आणि आधी स्कॅनर लावायला सांगा. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत बिघाडाचा कोड साठून राहतो. बॅटरीची वायर काढली की तो पुसला जाऊ शकतो, म्हणून स्कॅन आधी, बाकी खोलणं मग. आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या, तो आपल्या मालकीचा आहे.

जुनी गाडी घेतली असेल किंवा घेणार असाल तर आणखी एक काम करा. मार्च २०२४ मध्ये मारुतीने ११,८५१ बलेनो आणि ४,१९० वॅगनआर गाड्या परत बोलावल्या. २०१९ च्या जुलैअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत बनलेल्या या गाड्यांच्या पेट्रोल पंपात दोष असण्याची शक्यता होती, आणि त्याने गाडी चालता चालता बंद पडू शकते. त्याच वर्षी होंडानेही पंपासाठी ९० हजारांवर गाड्या बोलावल्या. असा पंप कंपनी फुकट बदलून देते. पण गाडी दोन मालकांच्या हातून आपल्यापर्यंत आली असेल तर कंपनीचा निरोप पहिल्या मालकाच्या फोनवरच जातो. आरसी बुकावर चेसिस नंबर असतो. तो घेऊन कंपनीच्या शोरूममध्ये जा, किंवा गटातल्या शिकणाऱ्या मुलीला कंपनीच्या वेबसाइटवर टाकायला सांगा. आपली गाडी त्या यादीत आहे का, हे तिथे कळतं.