गाडीच्या पोटाखालची पत्री

'चेंबर फुटला' हे दोन शब्द ज्याने कधी ऐकले नाहीत असा गाडीवाला आपल्या जालना जिल्ह्यात मिळायचा नाही. इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारी जी परात असते, तिला कारखान्याच्या पुस्तकात काहीही नाव असो, आपल्या गॅरेजमध्ये ती 'चेंबर'. जीप घ्या, पिकअप घ्या, काळी-पिवळी घ्या. गाडीचे दिवे वर, काच वर आणि सगळ्यात नाजूक अवयव मात्र जमिनीपासून वीतभर उंचीवर. तिथे दगड लागला की तेल जाते आणि तेल गेले की इंजिन जाते. या चेंबरच्या खाली एक पत्रा बसवतात. कोणी त्याला चेंबर गार्ड म्हणतो, कोणी नुसतेच 'खालचा पत्रा'. तो निवडायचा कसा, यावर आज बोलायचे आहे.

कविता लिहिणाऱ्या माणसाने पत्र्यावर का बोलावे, असे कोणाला वाटेल. पण या शहरात भंगार वितळवणाऱ्या भट्ट्यांचा उजेड बघत मी वाढलो. शिवाय 'पत्रा' हा शब्द ऐकला की मला 'पत्री' आठवते. बैलाला पत्री मारतात ती. घोड्याच्या नालेसारखी ती एकसंध नसते. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका खुराला दोन पातळ पत्र्या. हे काम करणारे ते नालबंद. आमच्या समाजात नालबंद हे आडनाव आजही आहे, हातातली हातोडी मात्र बहुतेकांची सुटली. नालबंदाचे शहाणपण असे की तो बैल बघायच्या आधी रस्ता विचारायचा. बैल नुसता शेतात चालणार असेल तर मऊ मातीत पत्रीची गरज नाही. गाडीला जुंपून कडक सडकेवर जाणार असेल तर पत्रीशिवाय खूर झिजणार. मोटारीच्या पत्र्याचेही नेमके हेच आहे. लोक दुकानात जाऊन विचारतात, 'सगळ्यात मजबूत कोणता?' विचारायला हवे ते हे, की माझ्या वाटेवर काय आहे?

माझा एक भाचा घनसावंगी तालुक्यात शेतवस्तीवर राहतो. वस्तीपासून डांबरी रस्ता दीड किलोमीटर, आणि मधली वाट पांदणीची. मागच्या पावसाळ्यात आंबिया बहाराची मोसंबी भरून तो जुनी जीप घेऊन निघाला. पांदणीत गुडघाभर पाणी, पाण्याखाली दगड. खालून आवाज आला. मोसंबी बाजारात पोचायची होती म्हणून तो थांबला नाही. समोर तेलाचा लाल दिवा लागला तरी डांबरीपर्यंत जाऊ म्हणाला. डांबरी आली आणि इंजिन जाम झाले. बेअरिंग गेले, क्रँक घासला. दुरुस्तीत त्या बहाराचा नफा तर गेलाच, वर उधारी झाली. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. त्या वस्तीवर अकरा घरे आणि चारचाकी एकच. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आपल्या राज्यात धावते, पण पावसाळ्यात ती डांबरीवरच थांबते. पुढचा दीड किलोमीटर जीपचा. जीप गॅरेजमध्ये असताना शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या आणि तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, गादीवर झोपवून, रात्रीची न्यावी लागली. बाई आणि बाळ सुखरूप आहेत. तरी त्या रात्रीपासून भाच्याच्या डोक्यात पत्रा बसला.

तो मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. 'मामू, हे बघा.' अमेरिकेतली गाडी होती. उघडी, जाड चाकांची, दोन माणसे शेजारी-शेजारी बसतात अशी. तिकडे तिला 'साइड-बाय-साइड' म्हणतात. शेतकरी वापरतात, शिकारी वापरतात, वाळवंटात उड्या मारणारे हौशीही वापरतात. तिच्या पोटाखाली पुढून मागेपर्यंत जाड प्लास्टिकची सलग पाटी होती. साधे प्लास्टिक नव्हे, यू. एच. एम. डब्ल्यू. नावाचे अतिशय चिवट पॉलिथिलीन, जे कारखान्यात माल घसरून पडावा म्हणून चुटांना आतून लावतात. दगडावर गाडी टेकली तर ती साबणासारखी घसरून पुढे जाते. भाच्याला तेच मागवायचे होते. मी त्याला माझ्या ओळखीच्या मिस्त्रीकडे नेले.

मिस्त्रीने पाटीचे कौतुक केले, कारण ते खरेच होते. वजनाचा हिशेब त्याने खडूने फरशीवर मांडला. साठ बाय पंचाहत्तर सेंटिमीटरचा तुकडा धरा. तीन मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा साडेदहा किलो भरतो. पाच मिलिमीटरचे ॲल्युमिनियम सहा किलो. बारा मिलिमीटरचे हे प्लास्टिक पाच किलो. मग प्लास्टिक का नको? 'शायरसाहेब,' तो मला म्हणाला, 'त्यांच्या गाडीचे सगळे पोट सपाट असते. आपल्या जीपचा सायलेन्सरचा पाइप चेंबरच्या शेजारून जातो.' हे प्लास्टिक एकशे तीस-पस्तीस अंशांच्या आसपास वितळते, आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. शिवाय ते उन्हात लोखंडाच्या दहापटीहून जास्त पसरते. भोके लांबट ठेवली नाहीत तर आपल्या मे महिन्यात पाटी मधेच फुगा धरणार.

ॲल्युमिनियम हलके आणि गंजत नाही, म्हणून शहरातले हौशी लोक ते पसंत करतात. पण दगडावर ते घसरत नाही; दगड त्यात रुततो आणि चरे पाडतो. लोखंडी बोल्टच्या संगतीत ओलावा मिळाला तर बोल्टभोवती ते झिजू लागते. आणि फाटले तर जोडणार कोण? लोखंडाचे वेल्डिंग करणारा प्रत्येक मोठ्या गावात आहे, ॲल्युमिनियमचे करणारा तालुक्यालाही सहज सापडत नाही. वाकलेला लोखंडी पत्रा मात्र झाडाखाली, घणाने, पंधरा मिनिटांत सरळ होतो. माझे मत विचाराल तर आपल्याकडे हा एकच मुद्दा निकाल लावायला पुरेसा आहे.

लोखंडातही लोक जाडीच्या मागे लागतात. मला एकाने अभिमानाने आठ मिलिमीटरची पाटी दाखवली होती. गाडीच्या पुढच्या पाट्यांनी बिचारीने मान टाकली होती. जाडी दुप्पट केली तर वजन दुप्पट होते आणि पत्र्याचा ताठपणा आठपट होतो, हे खरे. पण तोच ताठपणा कडा दुमडून, मधे दोन पन्हाळी पाडून जवळजवळ फुकट मिळतो. घडी घातलेला कागद उभा राहतो, तसेच. तीन मिलिमीटर, फार तर चार, आणि नीट दुमडलेला, एवढे जीपला पुष्कळ. आता गंमत बघा, आपले शहर पोलादाचे म्हणून प्रसिद्ध, पण आपल्या रोलिंग मिलची ओळख सळईची. पत्रा बहुतेक बाहेरून येतो, बोकारोसारख्या कारखान्यांतून. भंगारातला पत्रा स्वस्त पडतो खरा, पण आतून गंजलेला नाही ना, हे हातोडी मारून ऐकून घ्यावे. चांगला पत्रा वाजतो, सडलेला बद् करतो.

आता वाटेचा प्रश्न. आपला जिल्हा एकच असला तरी त्याचे पोट दोन प्रकारचे आहे. वर भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या रांगा, काळा बेसाल्ट, धारदार गोटे. तिथे पत्रा सलग हवा आणि पुढची कड वर वळलेली हवी. खाली गोदाकाठी, अंबड, घनसावंगी, परतूरकडे खोल काळी माती. तिथे दगड एखादाच, चिखल बारमाही वाटावा असा. काळी माती पाण्याने फुगते, सलग पत्र्याच्या वर जाऊन बसते आणि उन्हात विटेसारखी घट्ट होते. मग चेंबरला हवा लागत नाही, ओल धरून पत्रा वरून गंजतो आणि दहा किलोच्या पत्र्यावर वीस किलो माती फिरवत राहावी लागते. त्याहून वाईट म्हणजे वाळलेले गवत, पऱ्हाटीचे तुकडे, सोयाबीनचे भुसकट. सायलेन्सरजवळ ते अडकले तर गाडी पेटायला वेळ लागत नाही. म्हणून या भागात पत्र्याला मागच्या बाजूने मोकळ्या खाचा हव्यात, पाण्याचा पाइप आत शिरेल इतक्या. तेल सोडण्याच्या नटासमोर भोक हवे, नाहीतर दर वेळी सगळा पत्रा उतरवावा लागतो आणि माणूस कंटाळून तेल बदलणेच सोडतो.

बसवण्यात जास्त गफलती होतात. पत्रा चासीला बसवायचा, चेंबरच्या किंवा गिअरबॉक्सच्या बोल्टांना नाही. नाहीतर दगडाचा मार सरळ ज्याला वाचवायचे त्यालाच. पत्रा आणि चेंबर यांत दोन-तीन सेंटिमीटरची पोकळी हवी, म्हणजे पोचा आला तरी आत टेकणार नाही. जुन्या जीपचे चेंबर दाबलेल्या लोखंडी पत्र्याचे. ते फुटण्याऐवजी कधी आत दबते आणि तेल ओढणारी जाळी बंद करते. बाहेर थेंबही गळत नाही आणि इंजिन तहानेने मरते. नव्या पुष्कळ गाड्यांचे चेंबर ओतीव ॲल्युमिनियमचे. ते सरळ तडकते. दोन तुकड्यांचा पत्रा असेल तर पुढच्याची मागची कड मागच्याच्या खाली यावी. कौलांवरून पाणी जसे न अडता उतरते, तसा दगड पुढून मागे घसरला पाहिजे. बोल्टांची डोकी खाली लोंबती ठेवू नयेत, पहिल्याच गोट्याने ती छाटली जातात.

ही कल्पना नवी नाही. १९४१ पासून लढाईसाठी बनलेल्या विलीज जीपच्या मधोमध, दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या डब्याखाली, कारखान्यातूनच पत्रा येत असे. त्याच जीपचा वंश पुढे महिंद्रांनी आपल्याकडे चालवला. आणि तरी त्या जीपचा सगळ्यात खालचा अवयव आजही उघडा आहे, तो म्हणजे ॲक्सलचा गोळा. कोणत्याही चेंबर गार्डने तो वर उचलला जात नाही. म्हणून जुने ड्रायव्हर सांगत, वाटेत दगड दिसला तर दोन चाकांच्या मधून घेऊ नको, चाक त्यावर चढव. हा सल्ला पत्र्यापेक्षा स्वस्त आहे, आणि पत्रा बसवल्यावर लोक तो विसरतात असे मी पाहिले आहे.

राज्य सरकारने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली. जिथे वाटेवर खडी आणि मुरूम नीट दबला, तिथे चेंबर गार्डचा धंदा बसला, असे मिस्त्री हसत सांगतो. जिथे पडला नाही, तिथे पत्रा म्हणजे गाडीवाल्याने स्वतःच्या खिशातून, स्वतःपुरता बांधलेला तीन फुटांचा रस्ता, असे मी म्हणतो. भाच्याच्या पांदणीची मोजणी झाली आहे, मुरूम यायचा आहे.

तोवर त्याने साडेतीन मिलिमीटरचा, दोन पन्हाळींचा लोखंडी पत्रा बनवून घेतला आहे. मागे तीन खाचा, तेलाच्या नटासमोर भोक, चार बोल्ट चासीला. पावसाळ्यात तो दर रविवारी बोल्ट काढतो आणि विहिरीच्या मोटारीने पत्रा धुतो. मिस्त्रीने त्याला आठ दिवसांनी परत बोलावले होते, कारण नवा पत्रा आपल्या जागी बसेपर्यंत बोल्ट सैल होतात. मी सोबत गेलो. मिस्त्री गाडीखाली गेला, पान्याने पत्र्यावर एकदा टक्-टक् केले, कान लावला आणि आतूनच ओरडला, 'डावीकडचा मागचा अर्धा आटा सैल आहे, चौदा-पंधराचा पाना द्या.'