जुन्या मोटारीची ठिणगी

एका गृहस्थांच्या घरीं वडिलांच्या वेळची एक मोटार आहे. वडील निवर्तले, परंतु मोटार घरांत राहिली. रोज सकाळीं बाजारापर्यंत जाणें आणि सणावारीं घाट उतरून गांवीं जाणें, एवढेंच तिचें काम. तिचे चारी प्लग झिजलेले दिसले म्हणून गृहस्थांनीं नवे प्लग आणून बसविले. महिन्याभरांत मोटार सकाळीं सुरू होईना. रस्त्यांत उभी असतां आचके देऊं लागली. मिस्त्रीनें सांगितलें कीं, इंजिन उघडावें लागेल. खर्चाचा आंकडा ऐकून घरांतील तरुण मंडळी म्हणाली, "आतां ही भंगारांतच द्यावी." मोटारीचा अपराध कांहींच नव्हता. तिच्यावर हा प्रसंग आला तो प्लगवरील एका आंकड्याच्या चुकीमुळें. ती चूक कळण्यास प्लगचें कार्य आधीं पाहिलें पाहिजे.

पेट्रोलच्या इंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दाबलें जातें आणि ऐन वेळीं त्याला ठिणगी मिळते. ही ठिणगी देणारा तो प्लग. १९०२ सालीं जर्मनींत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांतील गॉटलोब होनोल्ड या इंजिनियरानें अधिक दाबाच्या विजेचा मॅग्नेटो व त्याच्या जोडीचा प्लग सिद्ध केला, आणि मोटारीच्या प्रसाराचा मार्ग मोकळा झाला. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लग मिनिटाला १,५०० ठिणग्या देतो, म्हणजे सेकंदाला २५. एवढें काम करणारी ही वस्तु बोटाएवढी आहे, म्हणूनच तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं.

प्लग निवडतांना पहिली गोष्ट पाहावयाची ती आट्यांची. पुष्कळशा जुन्या मोटारींच्या प्लगांचे आटे १४ मिलिमीटर व्यासाचे असतात, यामुळें कोणताही प्लग कोठेंही बसतो असा भ्रम होतो. खरा भेद आट्यांच्या लांबींत आहे. कांहीं इंजिनांना १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच लांबीचे आटे लागतात. कांहींना १९ मिलिमीटरचे. आंखूड प्लगाच्या जागीं लांब प्लग बसविला तर त्याचें टोंक आंत पुढें येतें. वर येणारा पिस्टन त्यावर आदळला कीं इंजिनच मोडतें. उलट लांबाच्या जागीं आंखूड बसविला तर ठिणगी खोलगट जागेंत पडते आणि उघड्या राहिलेल्या आट्यांत काजळी धरते. एन.जी.के. या जपानी प्लगांवर १२.७ मिलिमीटरला 'एच' आणि १९ मिलिमीटरला 'ई' हें अक्षर असतें. डबीवरील एका अक्षराची किंमत एवढी आहे. म्हणून जुना प्लग शेजारीं धरून मोजल्यावांचून नवा प्लग घेऊं नये.

दुसरी गोष्ट प्लगाच्या उष्णतेची, आणि येथेंच बहुतेक फसतात. प्लगाचें टोंक सुमारें ४५० अंश सेंटिग्रेडच्या वर तापलें म्हणजे त्यावरील काजळी आपोआप जळून जाते. तेंच ८५० अंशांच्या वर गेलें तर निखाऱ्याप्रमाणें धगधगून ठिणगीच्या आधींच मिश्रण पेटवितें, आणि पिस्टनला भोंकही पडूं शकतें. या दोन मर्यादांमध्यें टोंक राहिलें पाहिजे. जो प्लग उष्णता सावकाश बाहेर टाकतो त्याला गरम प्लग म्हणतात. जो त्वरेनें टाकतो तो थंड. ठिणगी मात्र दोघांची सारखीच. सदैव भरधांव धांवणाऱ्या इंजिनाला थंड प्लग मानवतो. गल्लीबोळांतून थोडथोडें चालणाऱ्याला किंचित् गरम.

आतां गंमत अशी कीं, ही उष्णता दर्शविणारे आंकडे प्रत्येक कारखान्याचे निराळे आहेत. एन.जी.के.चा आंकडा वाढला कीं प्लग अधिक थंड होतो. बॉशच्या आजच्या प्लगांत आंकडा वाढला कीं तो अधिक गरम होतो. अमेरिकन चॅम्पियनचेंही तसेंच. त्यांतही बॉशच्या जुन्या प्लगांवर १४५, १७५, २२५ असे आंकडे असत, आणि त्यांत मोठा आंकडा थंडपणाचा होता. जुना १४५ म्हणजे आजचा ८, १७५ म्हणजे ७ आणि २२५ म्हणजे ५. बंगळूरच्या 'मायको'चे जे प्लग भारतांतील कित्येक मोटारींत होते, तेही बॉशच्याच पद्धतीचे.

त्या गृहस्थांच्या जुन्या प्लगांवर १७५ हा आंकडा होता. दुकानांत बॉशच्या ८, ७ आणि ५ अशा डब्या होत्या. त्यांनीं कोठेंसें ऐकलें होतें कीं लहान आंकडा म्हणजे गरम प्लग. थोडें चालणाऱ्या जुन्या मोटारीला गरम प्लग बरा, या हिशेबानें त्यांनीं ५ उचलला. ऐकलेलें खरें होतें, पण तें एन.जी.के.चें! बॉशचा ५ हा थंड प्लग. बाजाराच्या फेरींत तो तापलाच नाहीं. त्यावर काजळी सांचली, काजळींतून वीज झिरपली आणि ठिणगी क्षीण झाली. एका वृद्ध मिस्त्रीनें ते काढून पाहिले व त्यांच्या जागीं ७ बसविले. इंजिन उघडण्याची गोष्ट तेथेंच संपली.

तिसरी गोष्ट फटीची. प्लॅटिनम पॉइंटच्या जुन्या मोटारींत ठिणगीची फट साधारणतः ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते. आजच्या मोटारींत ती याहून पुष्कळ अधिकही असते. जुन्या कॉइलला रुंद फट झेपत नाहीं. डबींतून काढलेला प्लग फीलर गेजनें मोजूनच बसवावा. आणखी एक अक्षर ध्यानांत ठेवण्याजोगें आहे, तें 'आर'. अशा प्लगांत सुमारें ५,००० ओहमचा अवरोध असतो आणि त्यामुळें रेडिओवर उमटणारी खरखर कमी होते. जुन्या मोटारीच्या तारांत किंवा टोप्यांत असा अवरोध आधींच असेल, तर तो दुहेरी होणार नाहीं एवढें पाहावें.

इरिडियमच्या महाग प्लगांचा मोह पुष्कळांना पडतो. ते वाईट नाहींत; त्यांचें आयुष्य मोठें असतें. पण ज्या इंजिनांत थोडें तेल जळतें, तेथें त्यांचें बारीक टोंक झिजण्यापूर्वींच प्लग तेलकट होतो, आणि तें तारेच्या ब्रशानें घांसतां येत नाहीं. अशा मोटारीला निकेलच्या टोंकाचा साधा प्लगच शोभतो.

योग्य प्लग बसला कीं नाहीं, हें प्लगच सांगतो. वैद्य जीभ पाहतो तसा प्लग पाहावा. टोंक फिकट तपकिरी असेल तर सर्व ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रणांत पेट्रोल अधिक किंवा प्लग फार थंड. ओलसर तेलकट काळें टोंक म्हणजे पिस्टनच्या रिंगा अथवा व्हॉल्व्हची वाट झिजली. पांढरें, फोड आलेलें टोंक म्हणजे अति उष्णता. आजच्या पेट्रोलांत इथेनॉलचा अंश असतो. त्यांतच प्राणवायु असल्यामुळें जुन्या कार्बुरेटरमध्यें मिश्रण थोडें पातळ पडून टोंक फिकट दिसूं शकतें. तेथें कार्बुरेटर जुळवावा. प्लग बदलणें म्हणजे आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं असा प्रकार होईल.

बसवितांना घाई करूं नये. इंजिन थंड असावें, तारांवर क्रमांक घालावे आणि प्रथम प्लग नुसत्या बोटांनीं फिरवावा. पुष्कळ इंजिनांचें डोकें अल्युमिनियमचें असतें; वांकडा आटा धरला तर तें कायमचें बिघडतें. वॉशरचा नवा प्लग बोटांनीं टेंकल्यावर पान्यानें अर्धा ते दोनतृतीयांश फेरा आवळला कीं पुरे.

कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघणारी प्रीमियर पद्मिनी २००० च्या सुमारास बंद झाली. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर २०१४ सालीं. त्यांतील जीं वाहनें अजून चालत आहेत, त्यांचें उत्पादन आतां होत नाहीं. मालकाची जागरूकता हाच त्यांचा आधार. त्या गृहस्थांच्या मोटारींत आतां एक लहानशी वही असते. तींत प्लगाचा पूर्ण क्रमांक, फट आणि बदलल्याची तारीख लिहिलेली आहे. पहिल्या पानावर वडिलांच्या अक्षरांतील एक जुना कागद चिकटविलेला आहे. त्यावरही तोच आंकडा आहे, १७५. तो कागद मोटारीच्याच खणांत इतकीं वर्षें पडून होता. दुकानांत जाण्यापूर्वीं तेवढा पाहिला असता तर पुरें झालें असतें.