धारवाडचा खून आणि सोलापूर



मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी दिले. पुरावा बनावट होता, असे सोलापूर आजवर मानत आले. पण फाशी देणाऱ्या सरकारने निदान आपले नाव लपविले नव्हते.

पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर (२० ऑगस्ट २०१३), कोल्हापुरात गोविंद पानसरे (फेब्रुवारी २०१५) आणि धारवाडला डॉ. एम. एम. कलबुर्गी (३० ऑगस्ट २०१५) यांना गोळ्या घालणारे मात्र तोंड लपवून पळाले.

यांपैकी कलबुर्गींना आपण परके समजतो, याचे आम्हांस नवल वाटते. ज्या सिद्धरामेश्वरांच्या तळ्याकाठी आपण संध्याकाळी फिरतो, त्यांची वचने कन्नडात आहेत. आणि त्या वचनवाङ्मयाच्या संशोधनात कलबुर्गींनी जन्म घालविला. घरात कन्नड व पेठेत मराठी बोलणारे या सभेतही पुष्कळ असतील. १९८९ साली लोकक्षोभापुढे त्यांना आपले संशोधन मागे घ्यावे लागले होते. ती आपली बौद्धिक आत्महत्या, असे ते म्हणत. तेवढ्यानेही भागले नाही! सव्वीस वर्षांनी राहत्या घरीच त्यांना गोळी घातली.

दाभोलकर खटल्यात १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. सूत्रधारांपर्यंत तपास पोचला नाही, असे न्यायाधीशांनीच म्हटले. धारवाडच्या खटल्याचे काय झाले, हे सोलापुरात कितीजणांनी विचारले? खरे सांगायचे तर, हे व्याख्यान स्वीकारीपर्यंत आम्हीही विचारले नव्हते.