सायकलवरून बाटल्यांची ने-आण

(टपाल व रेल्वे कामगारांच्या संयुक्त अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून महागाई भत्ता, रिक्त जागा आणि कंत्राटी पद्धत यांवर चर्चा झाली. त्यानंतर सायकलवरून बाटल्या कशा न्याव्यात हा विषय ऐकून काहींना हसू येईल. पण कॅरिअरवर अमृत कोकमच्या सहा बाटल्या बांधून भर उन्हात चढ चढणारा पोस्टमन हसणार नाही, आणि वीस लिटर पाण्याचा जार घेऊन गॅंगपर्यंत जाणारा ट्रॅकमनही हसणार नाही.

सायकल हे आपल्या दोन्ही खात्यांचे हत्यार आहे. सातव्या वेतन आयोगाने सायकल भत्ता रद्द करावा अशी शिफारस केली होती. सरकारने २०१७ साली ती फेटाळली आणि पोस्टमन व रेल्वेचे ट्रॅकमन यांच्या गरजेचे कारण देऊन भत्ता ९० चा १८० रुपये महिना केला. म्हणजे तेव्हा दिवसाला सहा रुपये! त्यात पंक्चरही निघत नव्हते, तो भाग वेगळा. मुद्दा असा की, या कामाला सायकल लागते हे सरकारनेच मान्य केले आहे. मग तिच्यावर काय लादले जाते, कसे लादले जाते आणि नुकसान झाले तर कोणाच्या माथी मारले जाते, हे विचारण्याचा हक्क आपला आहे.

बाटल्यांचा प्रश्न नवा नाही. उन्हाळ्यात कोकणातून नागपूर, इंदूर, सिकंदराबादकडच्या नातेवाईकांना सरबतांची पार्सले जातात. जुलै २०१६ पासून तर पोस्टाने स्वतःच गंगाजलाच्या बाटल्या विकावयास काढल्या. रेल्वेत फाटकावरच्या गेटमनला आणि सेक्शनवरच्या गॅंगला प्यायचे पाणी पोचवावेच लागते.

आधी वजन पाहू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. लिटरच्या बारा बाटल्यांचे खोके बारा किलोंच्या वर जाते, वीस लिटरचा जार वीस किलोंच्या वर. हे ओझे हॅंडलला लटकवणे सर्वांत वाईट. पिशवी झोके खाते, हॅंडल ओढते आणि वळणावर चाकाच्या तारांत जाते. कॅरिअरवर उंच रचलेले ओझेही तसेच. सायकल जराशी कलली की सावरता येत नाही. दूधवाल्याकडे पाहा. त्याच्या किटल्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, खाली, मागच्या आसाच्या जवळ असतात. ओझे आसाच्या फार मागे गेले की पुढचे चाक हलके पडते आणि चढावर उचलू लागते. म्हणून वीस लिटरचा जार एका बाजूला टांगण्यापेक्षा दहा-दहा लिटरचे दोन कॅन दोन्ही अंगांना लावावेत. ते भरलेले असावेत. अर्धवट भरलेल्या कॅनमधले पाणी ब्रेक लावला की पुढे धावते आणि सायकलला ढकलते.

बटवडा करताना एका बाजूच्या बाटल्या आधी संपवू नका. एक डावीकडून काढली की पुढची उजवीकडून. नाहीतर सायकल उभी करताच आडवी होते. बाजूचा एकच पाय असलेला स्टॅंड ओझ्याला निरुपयोगी आहे, मागच्या चाकाचा दोन पायांचा स्टॅंडच हवा.

आता बांधणी. काच रस्त्यावर आपटून फुटण्याआधी काचेवर काच घासून, आदळून फुटते. शीतपेयाच्या क्रेटमध्ये प्रत्येक बाटलीला वेगळा खण असतो तो उगाच नाही. आपल्याकडे क्रेट नसला तरी पुठ्ठा, काथ्या, जुने गोणपाट, वर्तमानपत्र हे मिळते. बाटल्या उभ्याच ठेवाव्यात, बूच वर. बांधायला सुतळी वापरू नये. चार गचके बसले की ती सैल होते. फुटक्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून ठेवा. रबर गचक्यासरशी ताणते आणि पुन्हा आवळते.

सोडा आणि थंड पेये यांची जात वेगळी. गोळी सोड्याच्या बाटलीचे पेटंट हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली घेतले. आतल्या वायूचा दाबच गोळीला तोंडाशी धरून ठेवतो. ऊन लागले की दाब वाढतो, आणि काचेला आधीच ओरखडा किंवा टवका असेल तर बाटली फुटू शकते. म्हणून अशी बाटली घेऊच नये. ओझ्यावर ओले गोणपाट टाकावे, सायकल सावलीत उभी करावी, आणि पोचल्यापोचल्या बाटली उघडू नये.

चालवण्याबद्दल थोडेच सांगतो. मागे उंच ओझे असेल तर पाय मागून टाकता येत नाही, तो पुढून दांडीवरून टाकावा लागतो. तेव्हा निघण्यापूर्वीच सायकल सपाट जागी घ्या. पावसात ओल्या रिमवर ब्रेकचे रबर घसरते, सायकल थांबायला फार अंतर लागते, आणि ओझ्याने ते आणखी वाढते. पुलाच्या उतारावर उतरून हाताने चालवण्यात कमीपणा नाही. रेल्वेच्या साथींना रुळांबद्दल सांगायला नको, पण पोस्टमन मंडळींसाठी सांगतो: फाटक ओलांडताना उतरावे, आणि रूळ काटकोनातच पार करावा. तिरपे गेले की रुळाशेजारच्या खाचेत टायर अडकते आणि ओला रूळ तर साबणासारखा असतो.

एवढे करूनही बाटली फुटते. मग मेमो येतो. एका कार्यालयात आमच्या एका साथीला सरबताने भिजलेल्या पार्सलाबद्दल वसुलीची नोटीस मिळाली. पार्सल थैलीतून आले तेव्हाच ओले होते, पण त्याने तसा शेरा न घेता सही केली होती. द्रवपदार्थ टपालात कसा यावा याचा नियम स्पष्ट आहे. बाटली मजबूत बाहेरच्या खोक्यात हवी, आणि मध्ये भुसा किंवा तसलेच शोषक द्रव्य इतके हवे की बाटली फुटली तरी सगळा द्रव त्यात जिरावा. हे पॅकिंग बुकिंगच्या वेळी पाहायचे असते. तेथे ते पाहिले नाही, त्याची भरपाई बटवडा करणाऱ्याने का करावी?

तेव्हा पार्सल हातात घेताच हलवून पाहा. आत खुळखुळले, ओल लागली, वास आला, की सहीपूर्वी लेखी शेरा मागा. आणि वसुली परस्पर पगारातून कापता येत नाही हे लक्षात ठेवा. टपाल खात्यात १९६५ च्या शिस्तविषयक नियमांतील नियम ११ खाली ती शिक्षा आहे. त्यासाठी हलगर्जीपणा किंवा आदेशभंग यांमुळे नुकसान झाल्याचे दाखवावे लागते, आणि नियम १६ प्रमाणे लेखी आरोप देऊन उत्तराची संधी द्यावी लागते. रेल्वेत १९६८ चे शिस्त व अपील नियम आहेत, तेथेही लेखी आरोप आणि उत्तराची संधी आहेच. ग्रामीण डाक सेवकांचे नियम वेगळे आहेत; त्यांनी उत्तर लिहिण्यापूर्वी कागद शाखेत दाखवावा. घाबरून ‘चूक झाली, माफी असावी’ असे लिहून देऊ नये. ते एक वाक्य पुढे अपिलात आडवे येते.

बाहेर दोन सायकली, गोणपाट, ट्यूबच्या पट्ट्या आणि पाण्याने भरलेल्या चोवीस बाटल्या ठेवल्या आहेत. चहा घेऊन सर्वांनी तेथे यावे. पहिली सायकल टपालवाल्यांनी बांधायची, दुसरी रेल्वेवाल्यांनी.