सिस्टरच्या हाती परवाना

(हैदराबाद येथे मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा गोषवारा)



"सिस्टर, जरा बघता का?" ही हाक आपण प्रत्येकाने कधी ना कधी मारलेली असते. त्या सिस्टरने काय करावे आणि काय करू नये, हे कायदा ठरवतो. आज त्याविषयी थोडे बोलणार आहे.

जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुलीची नोंदणी राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे होते. महाराष्ट्रात नोंदलेली मुलगी लग्न होऊन हैदराबादला आली, की नोकरीसाठी तिला इथल्या कौन्सिलकडे पुन्हा नोंद करावी लागते. त्यासाठीचे हेलपाटे आपल्यातल्या काही सुनांना चांगलेच ठाऊक आहेत. पण मोठा प्रश्न पुढेच आहे. तिने वरचे शिक्षण घेतले, तर शिक्षणाबरोबर तिचा अधिकारही वाढतो का?

अमेरिकेत १९६५ साली लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि डॉ. हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी कोलोरॅडो विद्यापीठात 'नर्स प्रॅक्टिशनर'चा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. आज तिथल्या सर्व राज्यांत अशा परिचारिका औषधे लिहून देतात; कुठे स्वतंत्रपणे, तर कुठे डॉक्टरांच्या सहकार्याने. शिक्षणामागोमाग तिथे परवाना आला.

आपल्याकडे शिक्षणाची सुरुवात झाली आहे. बी.एस्सी. नर्सिंगनंतर अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम इंडियन नर्सिंग कौन्सिलने आखला. आपल्या तेलंगणाचे उदाहरण तर अभिमानाचे आहे. २०१७ साली राज्य सरकारने युनिसेफ आणि इथल्या फर्नांडिस हॉस्पिटलच्या साहाय्याने करीमनगर येथे ३० परिचारिकांना मिडवाइफरीचे १८ महिन्यांचे प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. नैसर्गिक बाळंतपण धीराने पार पाडणे आणि गुंतागुंत दिसताच डॉक्टरांना बोलावणे, हे त्यांचे काम. याची गरज का पडली? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणातील ६०.७ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचे आढळले. हे प्रमाण देशात सर्वाधिक होते. २०१८ च्या अखेरीस केंद्र सरकारनेही मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली.

आता गाठ कुठे पडते ते पाहा. घरी गेल्यावर एखाद्या अँटिबायोटिकच्या वेष्टनावरची सूचना वाचा. 'शेड्यूल एच'मधील औषध केवळ नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवर विकावे, असा नियम आहे. परिचारिकेची नोंदणी त्यात बसत नाही. अतिदक्षता विभागात रात्री दोन वाजता रुग्णाचा रक्तदाब घसरू लागला, तर प्रशिक्षित सिस्टर रुग्णालयाने आधी लिहून ठेवलेल्या नियमावलीप्रमाणे औषधाची मात्रा वाढवते. म्हणजे तिचा अधिकार त्या रुग्णालयाच्या कागदावर उभा असतो. नोकरी बदलली की तोही बदलतो. गावातल्या आरोग्य उपकेंद्रात बसणारी कम्युनिटी हेल्थ ऑफिसर रक्तदाबाच्या गोळ्या पुढे चालू ठेवते, पण त्या आधी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या असाव्या लागतात.

२०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात 'कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर'ला मर्यादित परवाना देण्याची तरतूद झाली, तेव्हा डॉक्टरांनी देशभर विरोध केला. सभागृहात डॉक्टर मंडळी बसली आहेत, म्हणून आदराने सांगते की त्यांची भीती अगदीच निराधार नाही. अर्धवट शिकलेल्या हाती औषध देणे धोक्याचेच आहे. पण या धोक्यावर उपाय परवाना हाच आहे! कोणती औषधे देता येतील, कोणत्या टप्प्यावर डॉक्टरांना बोलवायचे, किती वर्षांनी नूतनीकरण करायचे आणि चूक झाली तर जाब कोणी द्यायचा, हे सारे परवान्यात लिहिता येते. आज निर्णयाचा भार सिस्टरच्या खांद्यावर पडतो, पण कायद्याचा आधार तिला पुरेसा नाही. हे तिच्या हिताचे नाही आणि रुग्णाच्याही नाही.

१९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोग कायदा संमत केला. त्यातून वरचे शिक्षण घेतलेल्या परिचारिकांची वेगळी नोंद व्हावी, त्यांच्या अधिकाराची सीमा स्पष्ट लिहिली जावी आणि ती साऱ्या राज्यांत सारखी असावी, ही माझी अपेक्षा आहे. आपण घरोघरी एवढेच करू या. मुलीने नर्सिंग निवडले तर "डॉक्टर व्हायला नाही जमले का?" असे तिला विचारू नका. "पुढे काय शिकणार, आणि त्याची नोंद कुठे होणार?" असे विचारा.



गणपती बाप्पा मोरया!